समोरच्या खुर्चीत बसायला जाताना

सुपरव्हिजनचा तास, म्हणजे नवे थेरपिस्ट आपल्या केसेस माझ्यासारख्या अनुभवी थेरपिस्टसमोर मांडतात तो तास, संपला की मुलं जिना उतरून जातात आणि त्यांच्यातली एखादी मागे रेंगाळते. बाटली भरते, चार्जर गुंडाळते, सोडवून पुन्हा गुंडाळते. बाकीचे गेल्याची खात्री झाली की हळू आवाजात विचारते, "ताई, तुम्ही स्वतः जाता का हो थेरपीला?"

हो, जाते. गेली नऊ वर्षं, मधली दीड वर्षं सोडली तर. एवढं सांगितलं की पुढचे प्रश्न भराभर येतात. कुणाकडे जायचं, काय बोलायचं, पैसे किती लागतात, कॉलेजात कळलं तर काय, आणि आपलंच काही ठीक नसेल तर दुसऱ्याला मदत करायचा आपल्याला अधिकार तरी आहे का. आजवर ही उत्तरं मी जिन्यात उभी राहून तुकड्यातुकड्यांनी दिली. आता सलग लिहिते आहे, ज्यांचा अभ्यासक्रम नुकताच संपलाय आणि पहिले दहा-वीस क्लायंट चालू आहेत त्यांच्यासाठी.

अधिकाराच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो मनात असेपर्यंत बाकीचं आत शिरत नाही. अधिकार आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस यांनी या विषयावरची बरीच सर्वेक्षणं पाहिली, तेव्हा साधारण तीन चतुर्थांश थेरपिस्टांनी कधी ना कधी स्वतः थेरपी घेतलेली आढळली, आणि तीही बहुधा एकापेक्षा जास्त वेळा. तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी उभी करणाऱ्या मार्शा लिनेहान यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितलं की वयाच्या सतराव्या वर्षी त्या स्वतः मनोरुग्णालयात दाखल होत्या. ज्या हार्टफर्डच्या रुग्णालयात त्यांना ठेवलं होतं, तिथेच उभं राहून त्यांनी हे सांगितलं. आज जगभर ज्यांची पद्धत शिकवली जाते, त्या बाईंची ही गोष्ट आहे.

सुपरव्हिजन आहे ना, मग थेरपी कशाला?

या दोन गोष्टींची गल्लत सगळ्यात जास्त होते, म्हणून इथे थोडी थांबते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक क्लायंट यायचे. ओळख पटेल असं काही सांगत नाही, एवढंच सांगते की ते फार कमी बोलायचे. प्रश्न विचारला की खिडकीकडे बघत बसायचे. गुरुवारी सकाळी उठल्याबरोबर मी फोन हातात घ्यायची, त्यांनी अपॉइंटमेंट रद्द केली आहे का ते बघायला. केलेली नसायची. माझ्या पोटात गोळा यायचा. सुपरव्हिजनमध्ये मी दोनदा ही केस मांडली. दुसऱ्या वेळी माझ्या सुपरव्हायझर म्हणाल्या, "त्यांचं काम बरं चाललंय गं. तुझंच काहीतरी अडलंय, आणि ते इथे सुटणार नाही."

माझ्या वडिलांचा अबोला असायचा. भांडण झालं की आठ-आठ दिवस, एकदा तर अख्खा श्रावण. मी पाटावर ताट वाढायची, ते जेवून उठायचे, शब्द नाही. त्या गप्प बसणाऱ्या क्लायंटसमोर मी अकरा वर्षांची होऊन बसत होते.

सुपरव्हिजनमध्ये मध्यभागी क्लायंट असतो. तुमच्या मनात काय होतंय हे तिथेही विचारलं जातं, पण त्या माणसाला त्याने काय फरक पडेल यासाठी. थेरपीत तो माणूस बाजूला होतो आणि ताट वाढणारी मुलगी मध्ये येते. एका तासात ही दोन्ही कामं उरकायला गेलं की दोन्ही अर्धवट राहतात, आणि ज्या व्यक्तीने तुमचं मूल्यमापन करायचं असतं तिच्यासमोर तुम्ही उघडे पडता.

ही जाण नवी नाही. १९१२ साली फ्रॉइडने मनोविश्लेषण करणाऱ्या डॉक्टरांसाठी काही सूचना लिहिल्या. ज्याला दुसऱ्याचं विश्लेषण करायचंय त्याने आधी स्वतःचं करून घ्यावं, या झुरिचमधल्या विश्लेषकांच्या आग्रहाचं त्याने तिथे कौतुक केलं. १९३७ मध्ये, ऐंशी वर्षांचा असताना, तो त्याच्याही पुढे गेला: विश्लेषकाने दर पाच वर्षांनी पुन्हा विश्लेषणाला बसावं, आणि त्याची लाज वाटू देऊ नये. आपल्याकडची गोष्ट वेगळी घडली. डॉक्टर असलेल्या गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था सुरू केली तेव्हा त्यांचं विश्लेषण करायला इथे कुणी नव्हतंच. त्यांनी स्वतःचं स्वतःच केलं. पहिल्या माणसाला दुसरा इलाज नसतो. आज मात्र तो आहे, तरी आपल्या बहुतेक अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याने स्वतः थेरपी घ्यावी अशी सक्ती नाही. त्यामुळे कुणी सांगेल याची वाट पाहिलीत तर ती पाहतच राहाल.

महाराष्ट्रात आणखी एक उत्तर ऐकू येतं. मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे आपले अविवेकी विचार प्रश्न विचारून तपासायची पद्धत, इथे चांगली रुजली. ती शिकलेली मुलं म्हणतात, "मी माझ्यावरच वापरते की." वापराच. एलिसने स्वतःही तेच केलं होतं: एकोणिसाव्या वर्षी, मुलींशी बोलायची भीती घालवायला, ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन बाकावर बसलेल्या अनोळखी मुलींशी बोलत राहिला. भीतीसाठी हे उत्तम. पण अबोल्यासारखी गोष्ट असते तेव्हा प्रश्न विचारणारी मीच आणि उत्तर देणारीही मीच, दोघी एकमेकींच्या पळवाटा पाठ असलेल्या. अशा वेळी तिसरं माणूस लागतं.

कुणाकडे जायचं

कुणाकडे जायचं नाही हे आधी पक्कं करा. तुम्हाला शिकवणारे प्राध्यापक, सध्याचे सुपरव्हायझर, तुमच्या सेंटरचे प्रमुख, वर्गमैत्रिणीची बहीण, आणि ज्यांच्याकडे उद्या इंटर्नशिप मागायची आहे ते, हे सगळे बाद. माणूस कितीही चांगलं असो. त्यांच्यासमोर तुम्हाला चांगलं दिसायचं असतं, आणि तिथेच थेरपी संपते.

मग लक्षात येतं की आपलं जग केवढंसं आहे. मी नाशिकची. आमच्याकडे या कामातली माणसं एकाच कार्यशाळेत भेटतात, एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर असतात, एकमेकांना क्लायंट पाठवतात. सांगली, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, पणजी, कुठेही जा, थोड्याफार फरकाने हेच. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: दुसऱ्या शहरातलं माणूस शोधा आणि ऑनलाइन बसा. मी पुण्यातल्या एका बाईंकडे जाते. पहिल्या दोन वेळा एस.टी.ने गेले, पुढे ऑनलाइन.

भाषेकडे फार कुणी लक्ष देत नाही. आपण शिकतो इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजी, म्हणून थेरपीही इंग्रजीत सोयीची वाटते. माझी पहिली थेरपी तशीच झाली. "माय फादर वॉज इमोशनली अनअव्हेलेबल," असं मी शांतपणे सांगितलं, जणू पेपरातलं उत्तर. पुण्याच्या बाईंकडे तेच मराठीत सांगायला गेले, "बाबा बोलायचे नाहीत," आणि वाक्य पुरं व्हायच्या आत घसा दाटला. ज्या भाषेत तुम्ही लहानपणी मार खाल्लात आणि लाड करून घेतलेत, त्या भाषेत बोलता येईल असं माणूस मिळालं तर सोडू नका. मग ती मालवणी असो, अहिराणी असो की घरात बोलायची कानडी.

पद्धतीबद्दल मतं वेगवेगळी आहेत. माझं असं की पहिल्या वेळी आपल्या पद्धतीपेक्षा वेगळी पद्धत वापरणारं माणूस बघावं. तुम्ही दिवसभर विचारांच्या नोंदींचे तक्ते भरून घेत असाल तर समोरचा पुढे काय विचारणार हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं. अनोळखी वाटेवर माणूस जपून चालतं आणि आजूबाजूला बघतं.

शिक्षण आणि अनुभव विचारायला संकोचू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते. ती विचारता येते. त्याहून कामाचे दोन प्रश्न: तुम्ही सुपरव्हिजन घेता का, आणि तुम्ही कधी थेरपी घेतली आहे का? दुसऱ्याचं सविस्तर उत्तर त्यांनी द्यायलाच हवं असं नाही. प्रश्न ऐकून चेहरा कसा होतो एवढं बघा.

झोप उडाली असेल, भूक गेली असेल, सकाळी अंथरुणातून उठवत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवा. थेरपिस्ट आहोत म्हणून गोळीशिवाय निभलं पाहिजे, हा हट्ट मी काही सहकाऱ्यांत पाहिलाय. त्याची किंमत त्यांनी मोजली, आणि त्यांच्या क्लायंटनीही.

पहिला मेसेज आणि पैसे

मेसेज लहान ठेवा. "नमस्कार, मी समुपदेशनाचं काम करते, दोन वर्षं झाली. मला स्वतःसाठी थेरपी सुरू करायची आहे. आपली कामामुळे ओळख नाही असं मला वाटतं, तरी असेल तर कृपया सांगा. मराठीत बोलता येईल का? वेळ आणि फी कळवाल का?" बस. तुम्ही याच क्षेत्रात आहात हे पहिल्याच मेसेजमध्ये सांगा. चार सेशननंतर सांगितलं तर लपवल्यासारखं होतं, आणि ओळखीतलं कुणी मध्ये असेल तर तोवर उशीर झालेला असतो.

"आपल्यातलेच आहात, पैसे राहू द्या," असं कुणी म्हणालं तर आभार मानून नको म्हणा. फुकट मिळालेल्या तासात आपण रागावू शकत नाही. परवडत नसेल तर ऐपतीप्रमाणे फी घेता का असं सरळ विचारा. बरेच जण कमी फीचे काही तास राखून ठेवतात. मी सुरुवात केली तेव्हा महिन्याला सोळा हजार मिळायचे आणि बाईंची फी नऊशे होती. दर आठवड्याला शक्यच नव्हतं. पंधरा दिवसांतून एकदा ठरवलं आणि तो दिवस चुकवला नाही. दोन वर्षं त्यात गेली. हळू झालं, पण झालं.

पहिलं सेशन

पुण्यातल्या त्या खोलीत शिरल्या शिरल्या माझ्यातली थेरपिस्ट जागी झाली. घड्याळ कुठे लावलंय ते बघितलं. क्लायंटच्या मागच्या भिंतीवर, म्हणजे त्यांना दिसेल असं. बरोबर. टिश्यूचा डबा हाताशी. खुर्च्या थोड्या तिरक्या. मनातल्या मनात मी खोलीला मार्क देत होते. मग बसले आणि सुरू झाले: मी चौतीस वर्षांची, विवाहित, एक मुलगा, मुख्य तक्रार कामाच्या ठिकाणी टाळाटाळ, पार्श्वभूमीला वडिलांशी तणावाचं नातं, आधीची थेरपी चार सेशन. सगळं क्रमवार. शेवटी मी निदानासारखंही काही बोलले.

बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बॅग खाली ठेवली तरी चालेल."

मी खाली बघितलं. खांद्यावरची बॅग मी मांडीवर घेतली होती आणि दोन्ही हातांनी तिचा पट्टा धरला होता. वीस मिनिटं. गर्दीच्या एस.टी.त धरतात तसा.

त्यानंतरचं फारसं आठवत नाही. खूप रडले एवढं आठवतं, आणि उतरताना गुडघे हलके वाटत होते.

तुम्हीही पहिल्या वेळी केस मांडाल. सगळेच मांडतात. ते थांबवायचा आटापिटा करू नका, फक्त मांडून झालं की तसं सांगा: "हे मी केससारखं सांगितलं." एवढं वाक्य पुरतं. पुढचं समोरचं माणूस बघून घेईल, ते त्याचं काम आहे. तिथे तुमच्याकडे काहीही काम नाही, आणि नव्या थेरपिस्टला हेच सगळ्यात अवघड जातं.

ऑनलाइन बसणार असाल तर ज्या खुर्चीत बसून तुम्ही क्लायंट बघता त्या खुर्चीत बसू नका. दुसरी घ्या, नाहीतर जमिनीवर बसा. पडद्यावर आपला चेहरा दिसतो तो चौकोन बंद करा, नाहीतर पन्नास मिनिटं आपण आपले हावभाव तपासत राहतो. घरात माणसं जास्त असतील तर गच्ची चालते, पार्क केलेली गाडी चालते. माझी एक विद्यार्थिनी सोसायटीच्या पंपहाउसच्या पायरीवर बसते. सेशन झाल्यावर किमान तासभर कुणालाही भेटायची वेळ देऊ नका. मी एकदा लगेच पुढचा क्लायंट घेतला होता. त्यांच्या आईबद्दल बोलणं चाललं होतं आणि मी माझ्या आईबद्दल ऐकत होते.

मधले महिने

दोन-तीन महिन्यांनी एक नवीच सवय लागते. बाई काही छान बोलतात आणि मनात येतं, हे वाक्य मी सोमवारच्या मुलीला सांगेन. सुरुवातीला मला वाटायचं, मी किती शिकतेय. नंतर कळलं की हे वाक्य माझ्याजवळ येऊ लागलं की मी ते लगेच दुसऱ्या कुणाकडे पाठवून देते. आता असं झालं की तिथल्या तिथे सांगते. तंत्र शिकायचं ते आपोआप शिकलं जातंच, पाठीमागून, कधी वर्षभराने.

दुसरं, आपण समजूतदार क्लायंट होऊन बसतो. त्यांना उशीर झाला तर "काही हरकत नाही". त्यांचं म्हणणं पटलं नाही तरी मान डोलावतो, कारण दिवसभर बसून किती थकवा येतो हे आपल्याला माहीत असतं. तुम्ही पैसे देऊन दुसऱ्याला सांभाळायला जात नाही. पटलं नाही तर "पटलं नाही" म्हणा. माझ्या थेरपीतलं सगळ्यात मोलाचं सेशन कुठलं असं विचाराल तर ज्यात मी बाईंवर चिडले आणि त्या गप्प झाल्या नाहीत, ते.

स्वतःच्या क्लायंटबद्दल तिथे बोलावं लागतंच. नाव, गाव, नोकरी काही सांगायचं नाही. "एक माणूस आहे, तो गप्प बसला की मला असं होतं," इथपासून सुरू करा. क्लायंटचं गुपित तुमच्या थेरपीतही गुपितच आहे.

आणि तुमच्या गुपिताचं काय? मुली हा प्रश्न शेवटपर्यंत ओठांवर धरून ठेवतात: मला मरून जावंसं वाटतं असं मी सांगितलं तर माझं काम जाईल का? थेरपिस्ट कॉलेजला किंवा सेंटरला कळवायला बांधील नसतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये उपचार घेणाऱ्याचा गोपनीयतेचा हक्क लिहिलेला आहे. अपवाद मुख्यतः जिवाला धोका असेल तेव्हाचे, आणि तेव्हाही सुरक्षिततेपुरतं आवश्यक तेवढंच सांगायचं असतं. पहिल्याच सेशनला याबद्दल विचारून घ्या, म्हणजे वेळ आली तर जीभ अडखळणार नाही. रात्री-बेरात्री काही झालं आणि थेरपिस्ट फोन उचलत नसतील तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. आपण हा नंबर क्लायंटना देतो. तो आपल्यासाठीही आहे.

घरी सांगायचं का

माझ्या आत्याला कळलं तेव्हा ती म्हणाली, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." ती वाईट मनाने बोलली नाही, पण मला ते महिनाभर टोचत राहिलं. नंतर एकदा तिचा गुडघा दुखत होता तेव्हा ती ज्या हाडांच्या डॉक्टरांकडे जाते त्यांच्याबद्दल बोलत होती. त्यांचाच खुबा मोडला होता, दुसऱ्या डॉक्टरांनी बसवला. "स्वतःचा कसा बसवणार?" असं तीच म्हणाली. मी काही बोलले नाही. तिच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यानंतर तो विषय तिने काढला नाही.

सगळ्यांना सांगायची गरज नाही. एका माणसाला सांगा, जे त्या दिवशी रात्रीची भांडी घासेल आणि "काय झालं आज?" असं विचारणार नाही.

जमत नसेल तर

माझ्या पहिल्या थेरपिस्ट वाईट नव्हत्या. पण मी याच क्षेत्रातली आहे कळल्यावर त्या मला सहकारी समजू लागल्या. "तुम्हाला तर माहीतच आहे," असं म्हणून पुढचं सोडून द्यायच्या. तिसऱ्या सेशनला त्यांनी त्यांच्या एका अवघड केसबद्दल माझं मत विचारलं. मला बरं वाटलं, हे कबूल करते. घरी आल्यावर बरं वाटेनासं झालं. चौथ्या वेळी मी गेले, आणि पाचव्या वेळी तब्येतीचं खोटं कारण देऊन थांबले. ते चुकलं. तुम्ही असं करू नका. जाऊन सांगा, नाहीतर दोन ओळींचा मेल लिहा: मला इथे क्लायंट म्हणून बसता येत नाहीये, म्हणून थांबते आहे. चांगलं माणूस असेल तर त्याला ते कळेल, आणि तुम्हाला दुसऱ्या कुणाचं नावही देईल.

तीन-चार सेशन द्या, त्याआधी मत बनवू नका. पण समोरचं माणूस स्वतःबद्दलच बोलत असेल, तुमच्या क्लायंटची माहिती काढत असेल, किंवा तुम्हाला आपल्याकडे कामावर या म्हणत असेल, तर चौथ्याची वाट पाहायची गरज नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सची गोष्ट मी मुलांना नेहमी सांगते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस, शिकागोला असताना, एका फार त्रासात असलेल्या क्लायंटबरोबर काम करता करता त्याचा स्वतःचाच तोल गेला. आपण आता मोडून पडणार असं वाटून तो बायकोला घेऊन गाडीने निघून गेला आणि दोनेक महिने परतला नाही. आल्यावर त्याने आपल्याच केंद्रातल्या एका सहकाऱ्याकडे थेरपी घेतली. वर मी ज्या लोकांना बाद म्हटलं त्यांच्यातलाच तो सहकारी. आजच्या नियमात हे बसत नाही. पण जगभर ज्याचं ऐकून घेणं नावाजलं जायचं, तो माणूस तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी समोर जाऊन बसला होता.

परवा मागे रेंगाळलेल्या मुलीने चार्जर बॅगेत टाकला आणि विचारलं, "मग ताई, तुमच्या बाईंचा नंबर द्याल?" मी नाही म्हटलं. तिचा चेहरा पडला. मी वहीतलं पान फाडून तीन नावं लिहिली, एक साताऱ्याचं, एक नागपूरचं, एक मुंबईचं. तिघांपैकी कुणाकडेही मी कधी क्लायंट म्हणून बसलेली नाही, आणि तिच्याबद्दल त्यांच्यापैकी कुणी मला काही सांगणार नाही. तिने कागद दोनदा घडी करून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवला आणि जिना उतरून गेली.